धडधडीचा लशीशी संबंध

डॉक्टर दीपाने आयुष्यात पहिल्यांदा ज्या माणसावर आवाज चढवला, तो माणूस त्या वेळी तिचे डबे उपडे करत होता.

देवळामागच्या बोळात एकेक काळा डबा उचलायचा, आत डोकवायचं, "आरारारा, वळवळ बघा नुसती!" असं स्वतःशीच म्हणायचं आणि भस्सकन पाणी ओतून टाकायचं. मोठ्या तब्येतीत चाललं होतं काम. दीपा चपला हातात घेऊन चिखलातून पळत आली, तोवर तीसपैकी बावीस डबे आडवे झाले होते.

"अहो! ओ दादा! काय करताय हे?"

"दिसत न्हाई व्हय? डास मारतोय."

"अहो, ते माझे डास आहेत!"

त्याचा हात थबकला. त्याने वळून पाहिलं. आधी तिच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे, मग तोंडाकडे. तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं दीपाला उगाच वाटलं.

"तुमचे?" तो म्हणाला. "लोक शेळ्या पाळत्यात, कोंबड्या पाळत्यात. डास पाळल्यालं मानूस आज पैल्यांदा बघितलं."

"पाळलेले नाहीत! मोजायला ठेवलेत. डब्यात ती कागदाची पट्टी आहे ना — होती ना — तिच्यावर डास अंडी घालतात. अंडी मोजली की गावात डास किती ते कळतं. दहा दिवसांचं काम होतं माझं, दहा दिवसांचं!"

"आन् मी हितला आरोग्यसेवक. कल्याण. आज शुक्रवार, कोरडा दिवस. गावातली समदी भांडी, रांजन, बॅरल आठवड्यातून येकदा पालथी करायची, म्हंजी डासाची अळी मरती. पंधरा दिस नगरला ट्रेनिंगला गेल्तो. काल येऊन बघतो तर कुनीतरी गावभर डासांना हॉटेलं टाकून दिल्यात!"

दीपाला खरं तर रडू यायला हवं होतं, आलं हसू. ते तिने दाबलं आणि कपाळाला आठ्या घालून ती तरातरा निघून गेली. वळताना पाय घसरलाच. त्याने "आवं, आवं—" करत हात पुढे केला, तिने तो घेतला नाही, आणि बोळ संपेपर्यंत तिला पाठीवर त्याची नजर जाणवत राहिली. माणूस अगदीच अडाणी आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. संध्याकाळी तोच अडाणी माणूस बावीसच्या बावीस डबे पुन्हा पाण्याने भरून, पट्ट्या लावून, जागच्या जागी ठेवून आला, आणि प्रत्येक डब्याशेजारी भिंतीवर खडूने लिहून आला — 'डॉ. मॅडमचे डास. वतू नये.'

आता नदीकाठच्या बेलापूरची ही डॉक्टर पोरगी पाथर्डीच्याही पलीकडच्या खडकदऱ्यात काय करत होती, ते सांगायला हवं. गेल्या साली खडकदऱ्यात चिकुनगुनियाची साथ आली आणि अर्धं गाव कमरेत वाकून चालायला लागलं. दीपा पुण्याच्या ज्या संशोधन संस्थेत होती, तिथे चिकुनगुनियावर नवी लस तयार झाली होती, नॅनो कणांची. ती माणसांना सोसते का, हे पाहायला काही गावं निवडायची होती. राधाकृष्ण सर म्हणजे तिचे साहेब म्हणाले, "ऊसतोडणीचं गाव नको. डोस अर्धवट टाकून माणसं फडावर जातील." दीपा अडून बसली. "सर, कोपरगावच्या फडात हीच माणसं पाचटाच्या कोप्यांमध्ये, उघड्या झोपड्यांत झोपतात. डास सगळ्यात जास्त चावतात ते यांना. लस यांनाच सोसते की नाही हे बघितलंच नाही, तर मग ती केली कुणासाठी?" सरांनी शेवटी मान हलवली. पण अट घातली. दोन्ही डोस पूर्ण झाले पाहिजेत. तोडणी कामगारांची एक जरी गाडी दुसऱ्या डोसाआधी सुटली, तर केंद्र बंद, आणि यापुढे ऊसतोडणीच्या गावाचं नाव काढायचं नाही.

म्हणजे दीपाने आपली मान आपणच सुरीखाली दिली होती, आणि वर हसत दिली होती.

गावाने काही लगेच दंड पुढे केले नाहीत. ग्रामसभेत सहादेवबाबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पोरी, नॅनो म्हंजी ती बारकी गाडी न्हवं? ती दंडात कशी मावायची?" सभा खो खो हसली. दीपाने फळ्यावर गोल काढले, काटे काढले, बाण काढले. लोकांनी ते गोल नीट पाहिले आणि जांभया दिल्या. तेव्हा मागून कल्याण उठला.

"बाबा, आपल्याकडं बहुरूपी येतो का न्हाई? पोलिसाची टोपी, पोलिसाचा दंडुका... पन आत पोलीस अस्तो का?"

"कुठला! भिकार अस्तंय," बाबा म्हणाले.

"तसंच हाय हे. ह्या बारक्या कनावर चिकुनगुनियाचा निस्ता डगला चढीवलाय. आत जंतूच न्हाई. तवा रोग व्हायचं नाव न्हाई. पन आंगातले शिपाई तो डगला बघून ठेवत्यात. उद्या खरा आला की दारातच धरायचा."

फळ्यापाशी उभ्या असलेल्या दीपाच्या हातात खडू तसाच राहिला. सहा वर्षं ती ज्यावर राबली, ते ह्याने दीड मिनिटात सांगितलं होतं. तिला राग आला. आणि रागाबरोबर आणखी काहीतरी आलं, त्याला काय म्हणतात ते तिला तेव्हा आठवेना.

"लई शाना हायेस," अंगद मुकादम म्हणाले. गावातल्या तोडणी कामगारांच्या गाड्या तेच भरत. "मंग तू आदी टोचून घे. तू जगलास तर आमी."

तसाही नियम तोच होता. आधी एकालाच टोचायचं, सात दिवस त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि सगळं ठीक असलं तरच बाकीच्यांना. आधी चिकुनगुनिया न झालेले सत्तेचाळीस जण निवडले गेले आणि कल्याण झाला नंबर एक.

टोचताना दीपाने त्याला एक घडीचं कार्ड दिलं. सात दिवस रोज त्यावर लिहायचं. ताप, अंगदुखी, मळमळ, जे होईल ते.

"आणि हे बघा, काही लपवायचं नाही," ती बोट उगारून म्हणाली. "शिंक आली तरी लिहायची. तुम्हाला वाटेल, एवढंसं काय लिहायचं. पण एकाने एवढंसं लपवलं, तर उद्या लाखो लोकांना टोचल्यावर ते डोंगराएवढं होतं. शब्द द्या."

"दिला," कल्याण म्हणाला. आणि सुई दंडात जाताना त्याने तिच्याकडे बघून डोळा न मिटता हसून दाखवलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वेगळं.

पहिल्या डोसानंतरचं त्याचं कार्ड अगदी कोरं आलं. फक्त एक नोंद — 'दंड दुखला. डावा. बैल ढुशी मारतो तसा.' मग बाकीच्या सेहेचाळीस जणांना टोचलं. दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी. जे काही झालं, ते या मधल्या अठ्ठावीस दिवसांत झालं.

झालं म्हणजे काय... काही झालं नाही, असं दोघेही शपथेवर सांगतील. रोज संध्याकाळी घरोघर हिंडायचं, कुणाला ताप आहे का बघायचं. कल्याण पुढे, दीपा मागे, आणि दोघांच्या मागे पुष्पावती सिस्टर. त्या दवाखान्यातल्या जुन्या परिचारिका. पंचवीस वर्षं टोचून टोचून त्यांना माणसाच्या तोंडाकडे बघून ताप कळायचा. बाजरी काढून झाली होती, खळ्यांवरून ओल्या सरमाडाचा, कापलेल्या ताटांचा वास येई. कल्याण कुठेही गेला की आधी खुर्ची पुसायचा, मग म्हणायचा, "बसा मॅडम." दीपा म्हणायची, "मी काय मातीची आहे का, डाग पडायला?" तो म्हणायचा, "खुर्ची मातीची हाय."

एकदा पाथर्डीहून लशीची पेटी आणताना परतीच्या पावसाने गाठलं. जीप ओढ्यात रुतली. दोघांना अर्धा मैल चालत यायचं होतं, आणि छत्री एक. कल्याणने ती उघडली, आणि पेटीवर धरली. पेटी एका खांद्यावर, वर छत्री, शेजारी दीपा नखशिखांत भिजत चाललेली.

"अहो, मी पण आहे इथे," ती म्हणाली.

"तुमी भिजला तर वाळसाल. लस भिजली तर सत्तेचाळीस मानसं वाळत घालायची का?"

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं, वाटेतल्या खडकांवरून पाय सटकत होते, आणि तिला वाटत होतं की हा ओढा, हा पाऊस आणि हा अर्धा मैल आज संपू नये. दवाखान्याच्या पायरीवर पोचल्यावर तिने ओढणी पिळली आणि हळूच म्हणाली, "एक सांगू? त्या पेटीला पावसाने काहीही होत नाही. आतून बाहेरून, सगळीकडून बंद असते ती."

कल्याण पेटीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"मंग... आदी न्हाई का सांगायचं?"

"तुम्ही इतकं मनापासून धरली होती..."

पुष्पावती सिस्टरांनी दारातून हे सगळं पाहिलं आणि आत जाऊन चहात आलं जरा जास्तच ठेचलं.

दिवाळी झाली. कल्याणला दुसरा डोस सोमवारी टोचला. पुन्हा तेच, आधी तो एकटा, सात दिवस थांबायचं, मग पुढच्या सोमवारी, मंगळवारी बाकीचे सेहेचाळीस. अंगद मुकादमांनी सांगून ठेवलं होतं, "मॅडम, बिस्तरवारी सकाळी गाड्या सुटनार. कारखान्याचं बॉयलर पेटलंय. मी बी थांबू शकत न्हाई आन् ऊस बी." त्या सेहेचाळीसांत कल्याणचे वडीलही होते. त्याच्या आईला गेल्या साली कोपरगावच्या फडातच चिकुनगुनिया झाला होता, आणि अजून तिला कोयता नीट धरता येत नव्हता. म्हणून वडिलांचे दोन्ही डोस व्हावेत, अशी त्याची फार इच्छा होती.

नियमाप्रमाणे दीपा रोज संध्याकाळी साडेपाचला त्याच्या घरी जाऊन ताप मोजत होती. फक्त रविवारी ती बेलापूरला घरी जाऊन आली. कलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, पुढ्यात वांग्याचं भरीत वाढलं आणि म्हणाल्या, "आल्यापास्नं अकरा येळा."

"काय अकरा वेळा?"

"कल्याण. कल्याण हे म्हनला, कल्याण ते म्हनला. मी मोजलंय. आपल्यातला हाय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय?"

कलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग काय न्हाई. पाथर्डीला पानी नसतं म्हनत्यात. आठ आठ दिस टँकरची वाट बघतेत. आपलं हितं नदी, पाट... नाजूक पोरगी तू, हंडे कशी वाहशील?" वर्तमानपत्राआडून वडील, कचरूभाऊ, एवढंच म्हणाले, "हंडा बघू नये, मानूस बघावा." आणि त्यांनी पान उलटलं. दीपाचे कान लाल झाले. असलं काही नाही, असं ती जोरात म्हणाली. इतक्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकलं.

सोमवारी सकाळी कल्याणने कार्ड आणून टेबलावर ठेवलं. चेहरा उतरलेला होता. दीपाने घडी उघडली आणि उभ्या उभ्या वाचली.

'मंगळवार — छातीत धडधड. बुधवार — छातीत धडधड, तळहाताला घाम. गुरुवार — धडधड, जास्त. शुक्रवार, शनिवार — तीच. रविवार — धडधड नाही. भूक नाही. उगाच उदास. सोमवार, दवाखान्यात येताना — धडधड पुन्हा चालू.' प्रत्येक नोंदीपुढे वेळही लिहिली होती.

"अहो... छातीत? आणि मला सांगितलं नाही? रोज येत होते ना मी?"

"कार्डावर लिवायचं म्हनला हुता. लिवलं."

लशीनंतर छातीत धडधड हे हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. लशीने हृदयाला सूज आली असेल, तर हा एक माणूसच काय, पुढचे सगळे धोक्यात. दीपाने त्याच मिनिटाला राधाकृष्ण सरांना फोन लावला. सरांचं उत्तर एका वाक्याचं. "डोस थांबव, त्याला नगरला ने, सगळ्या तपासण्या कर, धडधडीचं दुसरं कारण खात्रीने सापडलं तरच पुढे जायचं."

दाराशी रांगेत बसलेले लोक उठून घरी गेले. अंगद मुकादम मागे राहिले.

"मॅडम, मानूस ठनठनीत हुबा हाय. खोडा की ती वळ! 'चुकून लिवलं' म्हना. कुनाला कळतंय?"

कल्याणने खिशातून पेन काढलं. "खोडतो," तो हळूच म्हणाला. "च्या जादा झाला हुता म्हनून लिवतो. माज्यापायी तुमचं केंद्र बंद पडायला नगं. माझा बाप बी गाडीत बसायचाय..."

दीपाने पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. घेताना बोटाला बोट लागलं.

"नाही," ती म्हणाली. "केंद्र बंद झालं तर झालं. तुमच्या छातीत काही असेल, तर मला केंद्र नको आणि लसही नको. चला, जीपमध्ये बसा."

ती हे जरा जास्तच तळमळीने बोलली, हे पुष्पावती सिस्टरांच्या ध्यानात आलं. त्या स्वतःहून जीपमध्ये मागे जाऊन बसल्या.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या चालल्या. ईसीजी चांगला. रक्त चांगलं. हृदयाची सोनोग्राफी चांगली, तिथले डॉक्टर तर म्हणाले, "ह्या हृदयावर बैलगाडी चढवा, काही होणार नाही." मंगळवारची दुपार झाली. सरांचा फोन आला.

"दीपा, सगळं चांगलं आहे, पण सातांपैकी सहा दिवस धडधड आहे. का आहे? कारण नाही, तर डोस नाही."

दीपा व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसली. परवा सकाळी गाड्या सुटणार होत्या. हातातलं कार्ड तिने इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर ते फाटायला आलं होतं. पुष्पावती सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. पन मी येक इचारू? ह्याच्यावर वेळ लिवलीय ती वाचली का?"

"साडेपाच, साडेपाच, पाच पस्तीस... हो. संध्याकाळी होतंय."

"आन् सोमवारी?"

"सोमवारी सकाळी. दवाखान्यात येताना."

"रविवारी झालंच न्हाई. रविवारी तुमी कुठं हुता?"

"मी बेला—" दीपा थांबली. "योगायोग असेल, सिस्टर."

"आसंल की. मग करून बघू."

कल्याण खाटेवर पडला होता. बोटाला चिमटा लावलेला, आणि उशाशी यंत्रावर नाडीचा आकडा. सिस्टरांनी दीपाला दाराबाहेर उभं केलं आणि आत जाऊन यंत्राकडे बघत ओरडल्या, "चौऱ्याहत्तर! या आता आत."

दीपा आत आली.

"शंभर... येकशे आठ... येकशे सोळा! जा भाईर."

दीपा बाहेर गेली.

"उतरलं! शहात्तर. या."

"सिस्टर, हे काय चाललंय?" कल्याण कळवळून म्हणाला.

"तू गप पड. या मॅडम! येकशे अठरा! जा!"

असं तीनदा झालं. एकदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर विचार करा, असं दीपानेच त्यांना शिकवलं होतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला होता, चष्मा लावून, तमाशाला बसावं तसा. तिसऱ्यांदा आत आल्यावर दीपा खाटेच्या पायथ्याशी उभीच राहिली. यंत्र तेवढं टिकटिकत होतं, भरभर.

"कल्याण," ती म्हणाली, "हे... हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याने छताकडे पाहिलं. "व्हय."

"मग लिहिलं का नाही?"

"कार्डावर 'काय होतंय' येवढंच इचारलंय. 'कशानं होतंय' त्याला रकानाच न्हाई." तो थांबला. मग सगळं एका दमात बोलून टाकलं. "न्हाई लिवलं तर तुमाला दिलेला शबूद मोडतोय. लिवलं तर हे आसं. बोलावं म्हनलं, तर तुमी डॉक्टर, मी आरोग्यसेवक. माझे आईबाप कोयत्यावर जात्यात. कुठल्या तोंडानं बोलू? पन ओढ्यातनं पेटी आनली त्या दिवसापास्नं... तुमच्या चपलांचा आवाज आला की हे असं चालू हुतं. बास. हे खरं हाय."

दीपाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खरं तर तिने आता काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण संशोधक बाई ती, ती म्हणाली, "पण याने सिद्ध काही होत नाही."

"आँ?" सिस्टर म्हणाल्या.

"लशीमुळेच हृदय हळवं झालं असेल, आणि म्हणून मला बघून ठोके वाढत असतील. सर हेच विचारतील. लस न टोचलेल्या माणसालासुद्धा असंच होतं, हे दाखवावं लागेल."

पुष्पावती सिस्टरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग कल्याणच्या बोटाचा चिमटा काढला आणि दीपाच्या बोटाला लावला.

एकशे एकवीस.

"ह्या बाईला लस टोचलीय का?" सिस्टरांनी सगळ्या खोलीला विचारलं.

"न्हाई!" शेजारचा म्हातारा म्हणाला. त्याला काहीही माहीत नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं.

कल्याण खाटेवर उठून बसला. यंत्रावरच्या आकड्याकडे आणि दीपाकडे आळीपाळीने बघू लागला. दीपाने चिमटा ओढून काढला, पण आता उशीर झाला होता. आकडा सगळ्यांनी वाचला होता.

तिने सरांना फोन लावला आणि जे झालं ते, एक शब्द न लपवता, सांगितलं. पलीकडे सर खोकले. ते हसू खोकल्यात लपवत होते की खोकतच होते, ते कळलं नाही.

"म्हणजे तपासणारीही तू आणि कारणही तूच?"

"हो सर."

"मग तुझा निष्कर्ष मला चालणार नाही. तिथल्या डॉक्टरांना यंत्राच्या नोंदी दाखव, त्यांनी सही केली तर मी डोस सुरू करतो. यापुढे या माणसाची तपासणी दुसरं कुणीतरी करील. आणि तू हितसंबंधांचा फॉर्म भर. आजच्या आज. त्याने तो वाचलाय म्हणून त्याचीही सही हवी. काही लपवू नकोस."

तिथल्या डॉक्टरांनी नोंदी पाहिल्या, मिशीत हसत सही केली. पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बुधवारी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत खडकदऱ्यात सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जणांना दुसरा डोस मिळाला, आणि गुरुवारी गाड्या सुटल्या, तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी घडीचं कार्ड होतं. सात दिवस दीपा, सिस्टर आणि तिसरे एक डॉक्टर कोपरगावच्या फडाफडांत फिरले. दंड दुखले, दोघांना ताप आला, तो उतरला. धडधड कुणालाच झाली नाही.

पण ती मंगळवारची संध्याकाळ राहिलीच की.

नगरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकाच्या एका टोकाला दीपा फॉर्म घेऊन बसली होती, दुसऱ्या टोकाला कल्याण. मध्ये दोन हात जागा आणि पुष्पावती सिस्टरांची पिशवी. सिस्टर स्वतः चहा आणायला म्हणून गेल्या होत्या, त्या अजून परतायच्या होत्या.

'सहभागी व्यक्तीशी आपला कौटुंबिक, आर्थिक अथवा अन्य संबंध आहे काय?' दोन चौकोन. आहे. नाही.

दीपाने 'आहे'वर खूण केली. इथपर्यंत सोपं होतं.

'असल्यास त्याचे स्वरूप लिहा.'

ओळख? ते कमी झालं. मैत्री? तेही खरं नव्हतं. तिने पेनाचं टोक दातांत धरलं. बाहेर रस्त्यावर एसटीचा कंडक्टर "शेवगाव, पाथर्डी, पाथर्डी" म्हणून ओरडत होता. मग तिने खाली वाकून भरभर लिहिलं, फॉर्म उलटा केला आणि त्याच्याकडे न बघता बाकावरून सरकवला.

"वाचा. मग खाली सही करा."

कल्याणने फॉर्म सरळ केला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचू लागला.

'सध्या संबंध काही नाही. लग्न करण्याची इच्छा आहे. समोरच्याला अजून विचारलेले नाही.'

बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. तिथेच राहिलं.

"मॅडम, हे... हे खरं लिवलंय?"

"सरकारी कागदावर खोटं लिहीन का मी?" दीपा समोरच्या भिंतीला म्हणाली. "आणि मॅडम नाही. दीपा."

"दी—" त्याला ते एकदम जमलं नाही. तो घसा साफ करून कागदाकडे वळला. "सही कशाची करायची? वाचलं म्हनून, का... कबूल म्हनून?"

"फॉर्मच्या नियमाप्रमाणे, वाचलं म्हणून."

"आन् नियम सोडून?"

आता मात्र तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून, सरळ, काही न लपवता पाहिलं.

कल्याणने पेन घेतलं. सहीच्या जागी शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाचलं.' जरा थांबला. सिस्टरांची पिशवी उचलून खाली ठेवली, तिच्या शेजारी सरकून बसला, आणि त्याच ओळीत पुढे लिहिलं, 'कबूल आहे, दीपा.'